अतिवेगवान रेल्वेसेवा, पश्चिम यूरोपीय राजधान्यांमधील

लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स व ॲम्स्टरडॅम यांदरम्यानची प्रवासी रेल्वेसेवा. ती सध्या यूरोस्टार या नावाने चालते. पॅरिस–ब्रुसेल्स–ॲम्स्टरडॅम मार्गावरील गाड्या २०२३ पर्यंत थॅलिस म्हणून ओळखल्या जात.

सेवेचा आरंभ केव्हापासून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. सामान्यतः १४ नोव्हेंबर १९९४ ही तारीख दिली जाते. त्या दिवशी इंग्लिश खाडीखालच्या सुमारे ५० किमी. लांबीच्या बोगद्यातून लंडनहून पॅरिस व ब्रुसेल्सला नियमित गाड्या सुरू झाल्या. मात्र ताशी ३०० किमी. वेगाचा मार्ग तेव्हा फ्रान्सपुरताच होता. इंग्लंडातील केंट परगण्यात गाडीला उपनगरी गाड्यांच्याच जुन्या रुळांवरून, जेमतेम निम्म्या वेगाने जावे लागे. यूरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशातील नव्या मार्गांची ताशी २५० किमी.ची अट लावल्यास पहिला मान पॅरिस–ब्रुसेल्स मार्गाकडे जातो. त्यावरील बेल्जियमचा टप्पा डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला आणि प्रवास दीड तासाच्या आत आला. हे मत अधिक ग्राह्य वाटते. लंडनकडील नवा मार्ग २००७ मध्ये पूर्ण झाला. त्याच वेळी लंडनचे स्थानक वॉटर्लूहून सेंट पँक्रसला हलले आणि आरंभी तीन तासांचा असलेला पॅरिसचा प्रवास सव्वादोन तासांवर आला.

खरी अडचण विजेची होती. फ्रान्सच्या नव्या मार्गांवर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह, बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर ३,००० आणि नेदर्लंड्सच्या जुन्या मार्गांवर १,५०० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह, तर दक्षिण इंग्लंडात जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट. नवा मार्ग होण्यापूर्वी बोगद्यातून इंग्लंडात आल्यावर चालक छतावरचा पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारी चौकट) खाली घेई आणि चाकांजवळचे संग्राहक तिसऱ्या रुळावर टेकवी. सुमारे १२ मेगावॉट शक्तीच्या गाडीला तेथे साडेतीन मेगावॉटही मिळत नसे. डबेही ब्रिटिश पूल व फलाटांच्या मापाने अरुंद बांधावे लागले. एकाच गाडीत हे सारे बसवणे ही त्या काळातील रेल्वे अभियांत्रिकीची मोठी कामगिरी होय. ताशी ३०० किमी. वेगात रुळांकडेचे सिग्नल वाचता येत नसल्याने वेगाची मर्यादा चालकाच्या कक्षातच दर्शविली जाते.

ब्रिटन शेंगेन क्षेत्राबाहेर (सीमेवर पारपत्र तपासणी नसलेल्या यूरोपीय देशांच्या गटाबाहेर) असल्याने लंडनच्या प्रवाशांची दोन्ही बाजूंची पारपत्र तपासणी गाडीत चढण्यापूर्वीच होते. लंडनहून ॲम्स्टरडॅमला थेट सेवा २०१८ मध्ये सुरू झाली.

अन्य राजधान्यांची जोडणी अपुरी आहे. पॅरिस–बर्लिन थेट दिवसगाडी डिसेंबर २०२४ पासून धावते. ती सुमारे आठ तास घेते व वाटेत काही टप्पेच अतिवेगवान आहेत. माद्रिद–लिस्बन दरम्यान अशी सेवा नाही.