सायकलची ड्राइव्हट्रेन आणि पायांची ताकद

ड्राइव्हट्रेन म्हणजे सायकलचे पेडल, क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा), बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरते तो बेअरिंगचा भाग), पुढची चेनरिंग (दात्यांची चकती), चेन, मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्यांचा संच) आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर नेऊन गिअर बदलणारे डिरेलर, हा सगळा मिळून जो संच होतो तो. पायाचा जोर मागच्या चाकापर्यंत पोचवायचं काम हा संच करतो. पार्ट्सची माहिती एकीकडे आणि पायांचे व्यायाम दुसरीकडे असंच बहुतेक वेळा सांगितलं जातं, पण दोन्ही एकत्र बघायला हवं, कारण एका वेगाने जाताना पायावर प्रत्यक्ष किती भार येणार हे गिअर आणि क्रँकवर ठरतं आणि तो भार तासन्‌तास पेलवेल की नाही हे स्नायूंवर.

आजच्या सायकलचा सांगाडा तसा जुनाच आहे. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये बुश रोलर चेन काढली, १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर सायकल आली ज्यात चेनने मागचं चाक फिरायचं, आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. गिअरला मात्र वेळ लागला. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये, त्याआधी रेसर लोक उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं करून लावायचे, कारण हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दोन बाजूंना दोन वेगळ्या साइझचे दाते असायचे!

पायावर येणारा भार

पॉवर म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले फिरण्याचा वेग, एवढं एक सूत्र समजलं की निम्मे गोंधळ संपतात. समजा कोणी २०० वॅट पॉवर देतोय, क्रँक १७० मिमीची आहे आणि कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला क्रँकचे फेरे, ९० आहे. तर पेडलवर सरासरी साधारण १२५ न्यूटन जोर लागतो, म्हणजे पावणेतेरा किलो वजनाइतका. तीच पॉवर ६० कॅडेन्सने द्यायची तर हा आकडा १९ किलोवर जातो. ही सरासरी आहे, क्रँक पुढे आडवी असते तेव्हा जोर सगळ्यात जास्त असतो आणि वर-खाली टोकाला जवळपास काहीच नसतो, त्यामुळे प्रत्यक्षातला कमाल जोर याहून बराच मोठा असतो.

तरीसुद्धा एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे, जिना चढताना एका पायावर अख्ख्या शरीराचं वजन येतं आणि साध्या राइडमधला पेडलवरचा जोर त्याच्यापेक्षा कमीच असतो. मग पाय का भरून येतात? कारण ९० कॅडेन्सने एका तासात प्रत्येक पाय ५४०० वेळा ढकलतो. सायकलिंगमध्ये कस लागतो तो या इतक्या वेळा ढकलण्याचा, आणि प्रत्येक ढकलणं हे तुमच्या कमाल ताकदीच्या किती टक्के आहे याचा. कमाल ताकद वाढली की तेच ढकलणं कमी टक्क्यांचं होतं, व्यायामामागचं सगळं लॉजिक इथे आहे.

गिअर

पुढच्या चेनरिंगचे दाते भागिले मागचे दाते हा गिअर रेशो. रोड बाइकवर पूर्वी ५३/३९ (मोठ्या आणि छोट्या चकतीचे दाते) चेनरिंग सर्रास असायच्या, नंतर ५०/३४ ची कॉम्पॅक्ट आणि मधली ५२/३६ आली, मागे ११-२८ पासून ११-३४ पर्यंत कॅसेट मिळतात. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर ५०-११ वर (पुढे ५० दाते, मागे ११) क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेनऊ मीटर जाते आणि ३४-३४ वर फक्त २.१ मीटर.

आता तीव्र चढ आहे आणि वेग ताशी ८ किमी आहे असं धरा. जुन्या ३९-२५ वर कॅडेन्स होते ४० च्या आसपास, ३४-३४ वर ६३. २०० वॅटलाच पहिल्या केसमध्ये सरासरी जोर २८ किलोइतका, दुसऱ्यात १८. वेग तोच, पॉवर तीच, पण गुडघ्यावरचा भार दीडपट! म्हणून मोठी कॅसेट लावणं हे कमजोरीचं लक्षण आहे असं जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, चढावर ज्याला ४० च्या कॅडेन्सने रेटावं लागतंय त्याने व्यायाम सुरू करायच्या आधी कॅसेट बदलावी.

क्रँक, पेडल, सीट

क्रँक साधारण १६५, १७०, १७२.५ आणि १७५ मिमीच्या मिळतात. लांब क्रँकला तरफ जास्त मिळते हे खरं, पण १७५ आणि १६५ मधला फरक जेमतेम ६ टक्के आहे आणि तो एक गिअर हलका करून भरून निघतो. आखूड क्रँकचा फायदा वेगळा आहे, पाय वर येतो तेव्हा गुडघा आणि कंबर कमी दुमडते, त्यामुळे पुढे वाकून बसणाऱ्यांना आणि कमी उंचीच्या लोकांना मोकळं वाटतं. नामवंत रेसर तादेय पोगाचार २०२४ च्या सीझनला १६५ वर आला तेव्हापासून आखूड क्रँकचं वेडच लागलंय, तरी निव्वळ त्याने वापरली म्हणून बदलू नये, आपला गुडघा वरच्या टोकाला अडतोय का ते आधी बघावं.

अंडाकृती चेनरिंगचा विषय दर काही वर्षांनी परत येतो. १९८० च्या दशकात शिमानो कंपनीची बायोपेस होती, २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्सने ऑसिमेट्रिक नावाची अशीच चेनरिंग लावून टूर द फ्रान्स जिंकली. काहींना गुडघ्याला बरं वाटतं, पण पॉवर वाढते असं ठामपणे म्हणता येत नाही.

क्लिपलेस पेडल, म्हणजे ज्यात बुटाचा तळ अडकून बसतो ते, लुक कंपनीने १९८४ मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ते वापरून टूर जिंकली. पाय वर ओढून भरपूर पॉवर मिळते हा त्याबद्दलचा मोठा गैरसमज आहे. बहुतेक सगळी पॉवर खाली ढकलतानाच तयार होते, वर येणारा पाय स्वतःचं वजन उचलून दुसऱ्या पायाला अडथळा न करता वर आला तरी पुष्कळ झालं. क्लिपलेसचा खरा उपयोग पाय जागेवर राहण्यासाठी. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लागणारा आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, मात्र नीट लागली पाहिजे, पंजाच्या रुंद भागाखाली किंवा थोडी मागे, वाकडी लागली तर हजारो फेऱ्यांमध्ये गुडघा त्याची किंमत मोजतो. (पेडल बदलताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका, जोर लावून भलत्या दिशेला फिरवलं तर क्रँकचे आटे जातात.)

सीटची उंची याहून महत्त्वाची. पेडल खालच्या टोकाला असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असेल तर मागच्या बाजूला आणि कंबर दोन्हीकडे डुलते. हे चुकलेलं असताना जिममध्ये घाम गाळून उपयोग नाही.

कुठले स्नायू, कुठला व्यायाम

खाली ढकलायचं काम मुख्यतः दोन स्नायूगट करतात, मांडीच्या पुढचे क्वाड्रिसेप्स आणि बैठकीचे ग्लुट्स. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग्स फेऱ्याच्या खालच्या भागात साथ देतात, पोटऱ्या घोटा स्थिर धरून जोर पेडलपर्यंत पोचवतात.

भरपूर जण समजतात की मोठा गिअर टाकून ५०-६० कॅडेन्सने चढ मारले की ताकदीचा व्यायाम झाला. वरचे आकडे परत बघा, तो भार स्नायूला कमाल ताकद वाढवायला भाग पाडेल इतका सहसा नसतोच. त्या राइडचे इतर फायदे असतील, पण खरी ताकद वाढवायची तर जड वजन हवं, स्क्वॉट, डेडलिफ्ट, लेग प्रेस, स्टेप-अप, लंज, काफ रेज. यात एका पायाचे प्रकार मला जास्त मोलाचे वाटतात, विशेषतः बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बसणं-उठणं), कारण सायकलवर पाय आळीपाळीनेच काम करतात आणि दोन पायांतला फरक दोन पायांच्या स्क्वॉटमध्ये लपून राहतो.

नॉर्वेचे संशोधक बेंट रोनेस्टाड यांच्या गटाचं यावरचं काम प्रसिद्ध आहे. चांगल्या तयारीच्या सायकलस्वारांनी नेहमीच्या राइड चालू ठेवून १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४ ते १० रेप्सच्या (एका सेटमध्ये वजन किती वेळा उचलायचं ती संख्या) जड वजनाचे तीन-तीन सेट केले. नंतर त्यांना १८५ मिनिटं मध्यम वेगाने सायकल चालवायला लावून लगेच ५ मिनिटं फुल जोर लावायला सांगितला, तर फक्त सायकलिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांची सुधारणा जास्त होती. म्हणजे फायदा दिसतो तो तीन तास झाल्यावर, पाय थकलेले असताना.

सुरुवात थेट जड वजनाने करायची नाही. पहिले ३-४ आठवडे हलक्या वजनाने १०-१५ रेप्स, फॉर्म बसेपर्यंत, मग हळूहळू वजन वाढवून ४-६ रेप्स आणि सेटमध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. २०-३० रेप्सचे सेट मारून मांड्या जाळण्यात सायकलस्वाराला फार काही मिळत नाही, तसलं काम पेडलवर रोज होतंच. पाय जाड होऊन वजन वाढेल ही भीतीही बहुतेकांच्या बाबतीत फुकट आहे, भरपूर सायकलिंग चालू असताना स्नायू फार फुगत नाहीत, आणि सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतात म्हणून. ट्रॅकवरच्या स्प्रिंटरच्या मांड्या अवाढव्य दिसतात, पण त्यांचं ट्रेनिंगच पूर्ण वेगळं असतं.

अजून एक कारण आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, हाडं. सायकलिंगमध्ये हाडांवर आदळ बसत नाही आणि वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांमध्ये, खासकरून कमरेच्या मणक्याची, हाडांची घनता कमी आढळते. वजन उचलल्याने हाडांना लागणारा ताण मिळतो, त्यामुळे वय वाढत असेल तर नुसत्या वेगासाठी नाही, या एका कारणासाठीसुद्धा स्क्वॉट सोडू नये.

स्पर्धा नसतात त्या महिन्यांत आठवड्याला दोन दिवस, स्पर्धा सुरू झाल्यावर आठवड्याला एक दिवस जड वजन ठेवलं तर कमावलेली ताकद टिकते, पूर्ण बंद केलं तर काही आठवड्यांत उतरायला लागते. जड सेशननंतर पाय २४ ते ७२ तास दुखू शकतात, म्हणून महत्त्वाच्या राइडच्या आधी तीन-चार दिवस मोकळे सोडावेत. आणि जिम त्याच दिवशी करावी ज्या दिवशी राइडही कडक आहे, राइड आधी, वजन नंतर, म्हणजे दुसरा दिवस खरोखर हलका ठेवता येतो.