सामुदायिक कंपोस्टिंग आणि शहरी शेती

घरे, उपाहारगृहे, भाजीबाजार आणि सामूहिक स्वयंपाकघरे यांतून निघणारा अन्नकचरा कचराभूमीकडे जाऊ न देता परिसरातच गोळा करणे, लोकांच्या सहभागातून तो कुजवणे आणि तयार झालेले खत जवळच्या शहरी शेतांना पुरवणे, या व्यवस्थेला सामुदायिक कंपोस्टिंग म्हणतात. कचरा देणारे, तो कुजवणारे आणि खत वापरणारे येथे एकमेकांच्या माहितीतले असतात; मोठ्या यांत्रिक प्रकल्पाहून ही व्यवस्था वेगळी ठरते ती मुख्यतः या ओळखीमुळे. खतात प्लॅस्टिकचा तुकडा सापडला, तर तो कोणत्या इमारतीच्या बादलीतून आला असावा हे शोधता येते आणि तेथे जाऊन बोलता येते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साधारण 60 टक्के वाटा घरांचा होता. कचराभूमीत हा माल इतर कचऱ्याच्या थरांखाली गाडला जातो, हवेअभावी कुजतो आणि मिथेन वायू सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट मानली जाते. दक्षिण कोरियाने 2005 मध्ये अन्नकचरा थेट कचराभूमीत टाकण्यावर बंदी घातली. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2024 पासून जैवकचरा वेगळा ठेवण्याची सोय घराघरांपर्यंत पुरवणे स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक झाले. अशा कायद्यांनी वेगळ्या होणाऱ्या कचऱ्याचे प्रमाण वाढते, परंतु शेतीला त्याची शुद्धताही तितकीच लागते आणि ती दारोदारच्या संवादाशिवाय मिळत नाही.

पद्धतशीर कंपोस्टिंगच्या आधुनिक इतिहासात इंदूर पद्धतीचे स्थान महत्त्वाचे आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 नंतर इंदूरच्या संशोधन संस्थेत पिकांचे अवशेष, शेण आणि माती यांचे थर रचून, ते ठराविक अंतराने पालटून खत करण्याची रीत बसवली आणि 1931 मध्ये सहकारी यशवंत वाड यांच्यासह ती ग्रंथरूपाने मांडली. आजच्या शहरी कंपोस्ट केंद्रातला ढीगही मूलतः याच तत्त्वावर चालतो. फक्त शेणाऐवजी नत्राचा (नायट्रोजनचा) पुरवठा अन्नकचरा करतो.

हे तत्त्व असे, की जिवाणू आणि बुरशी यांना कर्ब (कार्बन) व नत्र साधारण 25 ते 30 भागांस 1 या प्रमाणात मिळाले, ओलावा 50 ते 60 टक्के राहिला आणि ढिगात हवा खेळती असली, तर कुजण्याची क्रिया जलद व दुर्गंधीविना होते. अन्नकचऱ्यात नत्र आणि पाणी दोन्ही जास्त असतात, म्हणून त्यात वाळलेली पाने, लाकडाचा चुरा, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळावा लागतो. आकारमानाने ओल्या मालाच्या एका भागाला सुक्या मालाचे दोन ते तीन भाग हे व्यवहारातले सोपे माप आहे. बहुतेक केंद्रे बंद पडण्याची वेळ येते ती येथेच. ओला कचरा रोज न मागता येतो. सुकी पाने मात्र पानगळीच्या थोड्या आठवड्यांत मुबलक मिळतात आणि मग मिळेनाशी होतात. साठवलेला सुका माल संपला, की ढीग चिकट होतो, आंबट वास सुटतो, माश्या होतात आणि शेजाऱ्यांची तक्रार येते. त्यामुळे पहिली बादली स्वीकारण्याआधी वर्षभराच्या पालापाचोळ्याची, तो कोरडा ठेवण्याच्या जागेसह, तजवीज करणे हे समन्वयकाचे पहिले काम आहे. छाटणीच्या फांद्या बारीक करणारे उद्यान विभाग आणि स्वच्छ, रसायन न लावलेल्या लाकडावर काम करणारे सुतार यांच्याशी केलेला नियमित करार येथे उपयोगी पडतो.

परिमाणांचा अंदाज येण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. चाळीस कुटुंबांनी रोज प्रत्येकी अर्धा किलो अन्नकचरा दिला, तर महिन्याला सुमारे 600 किलो माल जमतो. कुजताना पाणी आणि कर्बवायू निघून जातात. सुका माल मिसळूनही शेवटी हाती येणारे खत ओल्या कचऱ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे 200 किलो धरता येते. वर्षाला ते चार ते साडेचार घनमीटर होते आणि दोन सेंटिमीटरचा थर द्यायचा झाल्यास दोनशे चौरस मीटरपेक्षा थोड्या अधिक वाफ्यांना पुरते. हा हिशेब उलट दिशेनेही मांडावा. शेताला किती खत पेलते हे आधी ठरवले, तर किती कुटुंबांना सामील करून घ्यायचे ते ठरते. वाफ्यांची गरज न पाहता वर्षानुवर्षे खत टाकत राहिल्यास पिकांना नत्र पुरते, पण मातीत स्फुरद (फॉस्फरस) प्रमाणाबाहेर साठतो आणि पावसाबरोबर वाहून जाऊन जलाशयांना अपाय करतो. कचरा जास्त जमतो म्हणून शेतावर जास्त खत पसरणे ही शेताची सेवा नव्हे.

कचरा वळवताना क्रमही पाळावा लागतो. जे अन्न खाण्यायोग्य आहे ते प्रथम माणसांकडे, त्यानंतर जेथे कायदा परवानगी देतो तेथे जनावरांकडे, आणि उरलेलेच कंपोस्टकडे जावे. चांगले अन्न कुजवून उत्तम खत केले, तरी ते पिकवण्यात गेलेले पाणी व श्रम परत येत नाहीत. म्हणून बाजार किंवा स्वयंपाकघरांशी बोलणी करताना समन्वयकाने अन्नवाटप करणाऱ्यांना त्याच बैठकीस बोलावणे योग्य ठरते. दोन वेगळ्या गाड्या एकाच दारी दोन वेगळ्या वेळी जाण्याचा खर्चही त्यामुळे वाचतो.

काय घ्यायचे आणि काय नाकारायचे याची यादी लहान व ठाम असावी. फळे, भाज्यांची साले, चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफले सर्वत्र चालतात. मांस, मासे, दुग्धजन्य पदार्थ आणि तेलकट शिजलेले अन्न उघड्या ढिगात उंदरांना आमंत्रण देते, त्यामुळे बंद पात्र नसल्यास ते टाळावे. शिवाय शिजलेल्या अन्नातले मीठ वारंवार वापराने मातीत साचते. ‘विघटनशील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या मोठ्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पाच्या उष्णतेतच कुजणाऱ्या असू शकतात आणि लहान ढिगात त्या तशाच उरतात. सर्वांत फसवा धोका तणनाशकांचा आहे. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही द्रव्ये गवत, पेंढा आणि शेणातून ढिगात येतात, कंपोस्टिंगच्या क्रियेतही टिकून राहतात आणि अत्यल्प प्रमाणातसुद्धा टोमॅटो, वाटाणा व घेवडा यांची पाने वेडीवाकडी करतात. बाहेरून शेणखत किंवा पेंढा घेताना तो कोणत्या कुरणातला आहे हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

रोगजंतू व तणांचे बी नष्ट होण्यासाठी ढीग तापला पाहिजे. अमेरिकेच्या 1993 च्या सांडपाणी-गाळविषयक नियमांतील मोजमाप पुढे अनेक ठिकाणी आधारभूत मानले गेले: बंद पात्रात किंवा हवा पुरवलेल्या स्थिर ढिगात किमान तीन दिवस 55 अंश सेल्सिअस, किंवा उघड्या लांबट ढिगात त्याच तापमानाचे पंधरा दिवस आणि त्या काळात पाच वेळा पालटणी. इतकी उष्णता टिकण्यास साधारण एक घनमीटर तरी माल एकत्र लागतो. थोडा थोडा कचरा रोज टाकत राहिलेली बादली कधीच तापत नाही. म्हणून पुरेसा माल साठवून एकदम ढीग रचणे आणि त्यावर तारीख लावणे ही शिस्त पाळावी लागते. गांडूळखताची पद्धत याहून वेगळी आहे. एइसेनिया फेटिडासारखी गांडुळे 55 अंशांत जगू शकत नाहीत, म्हणून आधी तापवून थंड केलेला माल त्यांना दिल्यास दोन्ही पद्धतींचा लाभ मिळतो.

तापमान उतरले म्हणजे खत तयार झाले असे नाही. त्यानंतर काही आठवडे ते मुरावे लागते, अन्यथा अर्धकच्च्या खतातील अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले कोवळी रोपे जाळतात व मातीतले नत्रही तात्पुरते अडकून पडते. सोपी चाचणी अशी, की चाळलेले खत मातीत मिसळून त्यात आणि शेजारी नुसत्या मातीत लवकर रुजणारे बी पेरावे. दोन्हींकडची उगवण व पानांचा आकार सारखा असला, तर खत वाफ्यावर जाण्यास योग्य आहे. घेवड्याचे बी वापरल्यास तणनाशकाचा अंशही याच चाचणीत उघड होतो.

हे सर्व चालवणारी माणसे हा विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. सुरुवातीच्या उत्साहात स्वयंसेवक भरपूर मिळतात, पण पावसात किंवा सुट्टीच्या दिवसांत ढीग पालटायला कोण येणार हे लेखी ठरलेले नसेल, तर भार एकदोघांवर पडतो आणि तीच माणसे थकून बाजूला होतात. या कामासाठी निदान एका व्यक्तीला मेहनताना देणे हा खर्च नसून केंद्र टिकण्याची अट आहे, असे येथे स्पष्ट म्हणणे भाग आहे. प्रत्येक बादलीचे वजन, नाकारलेला माल, ढिगाचे तापमान, पालटणीची तारीख आणि कोणत्या शेताला किती खत गेले याची एकच नोंदवही असावी. जागा बहुधा उसनी असते, आणि भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळी या नोंदवहीइतका भक्कम पुरावा केंद्राकडे दुसरा नसतो. कचरा देणाऱ्या कुटुंबांना वर्षातून दोनदा त्यांच्या वाट्याचे खत किंवा शेतातली भाजी परत मिळाली, की बादलीतली शुद्धता सुधारते. ज्या वाफ्यात आपली साले जाणार आहेत तो वाफा पाहिलेला माणूस बादलीत प्लॅस्टिक सहसा टाकत नाही.