स्कोन

स्कोन : मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडर यांचा ओव्हनमध्ये भाजलेला छोटा, गोल किंवा तिकोनी पाव. मूळचा स्कॉटलंडचा. आज ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो घरोघरी होतो. यीस्ट लागत नाही, पीठ आंबवत ठेवावे लागत नाही, त्यामुळे पाहुणे येणार असल्याचा निरोप मिळाल्यावर करायला घेतला तरी चहाच्या वेळेला तयार असतो. गोडी बेताचीच, कारण वर जॅम आणि साय पडणार हे धरलेले असते. बाहेरून फिकट सोनेरी, आत पांढरा आणि मऊ. उत्तम जमलेल्या स्कोनच्या कडेला मध्यावर एक भेग पडते. तिथे दोन्ही अंगठे ठेवून अलगद ओढले की सुरी न लावता त्याचे दोन भाग होतात आणि आतून वाफ येते.

नावाच्या उच्चारावर इंग्रजी बोलणाऱ्यांत एकमत नाही. स्कॉटलंडमध्ये ‘स्कॉन’ म्हणतात, इंग्लंडात ‘स्कॉन’ आणि ‘स्कोन’ दोन्ही चालतात. रोमन लिपीत हा वाद झाकून राहतो. देवनागरीत लिहायचे तर बाजू घ्यावीच लागते. मराठीत ‘स्कोन’ जास्त दिसते म्हणून इथे तेच घेतले आहे. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक पर्थजवळच्या ज्या गावी होत असे, त्याचे स्पेलिंगही हेच, पण उच्चार मात्र ‘स्कून’.

हा शब्द सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या स्कॉट्स भाषेत सापडतो. गॅव्हिन डग्लस याने व्हर्जिलच्या ‘इनिड’ महाकाव्याचे स्कॉट्समध्ये केलेले भाषांतर 1513 साली पूर्ण झाले, त्यात तो आहे. तेव्हाचा स्कोन आजच्यासारखा फुगीर नव्हता. ओट किंवा सातूच्या पिठाची जाड, गोल भाकर चुलीवरच्या लोखंडी तव्यावर भाजायची आणि तिचे चार तुकडे करायचे, असे त्याचे रूप होते. आजही काही जण स्कोन तिकोनी कापतात, ती त्या चतकोराचीच आठवण. तो वर चढला एकोणिसाव्या शतकात. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने 1845 मध्ये आपोआप फुगणाऱ्या पिठाचे पेटंट घेतले. दुपारच्या चहाची चाल इंग्लंडच्या उच्चभ्रू घरांत रुजली तीही याच दशकात. चुलीवरची भाकर अशी चहाच्या टेबलावर आली.

घरी स्कोन करताना मराठी हाताला सगळ्यात अवघड जाते ते पीठ न मळणे. पोळीची कणीक जितकी तिंबावी तितकी पोळी मऊ, हे आपल्या हातात मुरलेले असते. स्कोनला हा नियम उलटा लागू होतो. गव्हाच्या पिठातली प्रथिने पाणी मिळाले आणि मळली गेली की त्यांचे चिवट जाळे तयार होते, त्यालाच ग्लुटेन म्हणतात. पोळी न फाटता लाटता यावी म्हणून ते हवेच असते. स्कोनमध्ये मात्र तेच जाळे वायूला अडवते आणि भाजल्यावर दडस लागते. घरचे स्कोन दगडासारखे होतात तेव्हा दोष ओव्हनला दिला जातो, पण बहुतेक वेळा पीठ जास्त मळले गेलेले असते.

सहा ते आठ नगांना 225 ग्रॅम मैदा, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, 25 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, 50 ग्रॅम थंडगार लोणी आणि सुमारे 150 मिलिलिटर थंड दूध पुरते. कोरडे जिन्नस दोनदा चाळावेत. लोण्याचे लहान तुकडे करून ते बोटांच्या टोकांनी पिठात चोळावे. शंकरपाळ्यांना मोहन घालतो तसेच हे काम आहे, पण तिथे मोहन कडकडीत गरम आणि इथे लोणी फ्रीजमधले. चोळताना तळवा लावायचा नाही, तळव्याच्या उबेने लोणी वितळते. पीठ ब्रेडच्या चुऱ्यासारखे रवाळ झाले की थांबावे. मधूनमधून वाटाण्याएवढे लोण्याचे कण राहिले तरी चांगलेच. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि तेवढी जागा पोकळ राहते. मुंबई-कोकणच्या उकाड्यात लोणी हातातच पाझरू लागते, तेव्हा ते गोठवून किसणीवर किसून घालणे सगळ्यांत सोपे. घरी काढलेले पांढरे लोणी वापरायचे तर त्यातले ताक धुऊन निथळून घ्यावे आणि ते कडक होईपर्यंत थंड करावे.

मध्ये खळगा करून बहुतेक सगळे दूध एकदम ओतावे आणि बोथट सुरीने आठ-दहा वेळा फिरवावे. गोळा ओलसर आणि खडबडीत दिसतो. तो पाहून हात शिवशिवतात, पण त्याला गुळगुळीत करायला जाऊ नये. पीठ भुरभुरलेल्या ओट्यावर घेऊन दोन-तीनदा नुसती घडी घालावी आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा थापावा. लाटणे लागत नाही. पातळ थापलेला स्कोन ओव्हनमध्ये उंच होईल अशी आशा धरू नये.

साचा धारदार हवा आणि तो सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचा. वाटीने किंवा पेल्याने कापून फिरवले की कडा चेपून एकमेकींना चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दूध लावताना ते कडेवरून ओघळू देऊ नये, त्यामागचे कारणही हेच. ओव्हन आधी 220 अंश सेल्सिअसला पूर्ण तापलेला असावा. स्कोन ट्रेवर जवळजवळ ठेवले की ते पसरण्याऐवजी वर चढतात. भाजायला 12 ते 15 मिनिटे लागतात. बाहेर काढताच स्वच्छ फडक्यात गुंडाळले तर वाफ आतच राहून वरचा पापुद्रा मऊ पडतो; आपण पोळ्या फडक्यात ठेवतो ते याचसाठी.

बेकिंग पावडर जुनी असेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. जोराने फसफसली तर चांगली. ती नसेल तर अर्धा चमचा खायचा सोडा आणि दुधाऐवजी आंबट ताक चालते. ताकातले आम्ल सोड्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडते. आयर्लंडमधला सोडा ब्रेड फुगतो तोही असाच. सोडा अंदाजाने जास्त पडला तर मात्र स्कोन पिवळट होतात आणि साबणासारखी चव येते.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये स्कोन, जॅम, क्लॉटेड क्रीम आणि चहा असे मिळून ‘क्रीम टी’ होते. डेव्हनमध्ये आधी क्रीम, वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, वर क्रीम. क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवून हळूहळू निववलेल्या क्रीमवर धरणारा जाड थर. कॉर्नवॉलच्या या क्रीमला 1998 पासून युरोपात भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले आणि त्यात किमान 55 टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हशीच्या दुधावरची रात्रभर थंड केलेली जाड साय त्याची जवळची बहीण आहे. गोडसर आवळ्याच्या मुरांब्याबरोबर ती स्कोनवर उत्तम लागते.

न्यूझीलंडमध्ये खजुराचे आणि चीजचे स्कोन आवडीने खातात, ऑस्ट्रेलियात लाल भोपळ्याचे. तिथे लोणी न चोळता पीठ, क्रीम आणि फसफसणारे लेमोनेड एवढ्यावरही स्कोन करतात आणि नवशिक्याला ते हमखास जमतात. स्कॉटलंडमध्ये उकडलेल्या बटाट्याचे पातळ स्कोन अजून तव्यावरच भाजतात. तव्यावर पळीने पीठ सोडून केलेले ‘ड्रॉप स्कोन’ आपल्याला धिरड्याच्या छोट्या भावंडासारखे वाटतील. राणी दुसरी एलिझाबेथ हिने अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना जानेवारी 1960 मध्ये स्वतः पत्र लिहून पाठवलेली कृती याच प्रकाराची होती.

स्कोन त्याच दिवशी खावेत. उरलेच तर दुसऱ्या दिवशी आडवे उघडून कापलेली बाजू लोणी लावलेल्या तव्यावर दोन मिनिटे शेकावी. भाजायच्या आधी कापून गोठवलेले स्कोन तर न वितळवता थेट तापल्या ओव्हनमध्ये घालता येतात, फक्त तीन-चार मिनिटे जास्त द्यावी लागतात.