थकलेली पोटगी आणि मुलाचा बदललेला पत्ता: नागपुरात अर्ज कुठे अडतात

मोबाइलमधला हुकमाचा फोटो दाखवून पोटगी वसूल होत नाही. सिव्हिल लाइन्सच्या कोर्ट-आवारात हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी बोलते.

मागे मानकापूरची एक ताई आली होती. पिशवीत लग्नपत्रिका होती, पोराचं लसीकरणाचं कार्ड होतं, गॅसचं पुस्तकसुद्धा होतं. हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल तेवढी नव्हती. ती आधीच्या वकिलांकडे, आणि वकीलसाहेब फोन उचलत नव्हते. अशा वेळी त्यांच्या मागे फिरू नका. ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथे नकलेसाठी अर्ज टाका. पोटगीच्या हुकमाची प्रत ज्याच्या बाजूने हुकूम झाला त्याला मोफत द्यावी, असं कायद्यातच लिहिलंय. खिडकीवर हे कोणी आपणहून सांगत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं.

आता मुदत. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. हे वर्ष हुकमाच्या तारखेपासून धरायचं नाही, प्रत्येक महिन्याच्या हप्त्याचं वर्ष वेगळं चालतं. समजा मार्च २०२३ पासून दरमहा ६,००० रुपये ठरले, छदाम आला नाही आणि तुम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये उगवलात. थकबाकी २४ महिन्यांची, १,४४,००० रुपये. वॉरंटच्या आवाक्यात मात्र साधारण शेवटचे १२ महिने, म्हणजे ७२,००० रुपये. "तो देतो म्हणाला होता, म्हणून थांबले" हे कारण मी शेकडो वेळा ऐकलंय. तो देतो म्हणाला, तरी अर्ज टाका. पैसे आले तर अर्ज मागे घेता येतो, गेलेलं वर्ष मागे येत नाही.

अर्जासोबत महिनावार तक्ता लागतो: कोणत्या महिन्याचे किती ठरले, किती आले, किती बाकी. अधूनमधून फोन-पेवर आलेले दोन-तीन हजार लपवू नका. समोरचा वकील ते पहिल्याच तारखेला काढतो, आणि मग तुमच्या उरलेल्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कलमांचा घोळही आहेच. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. म्हणून जुना हुकूम रद्द झाला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नवरा पुण्याला पळाला असेल तर तो जिथे असेल तिथल्या कोर्टातही अंमलबजावणी मागता येते. पैसे न भरल्याबद्दल तो महिनाभर आत जाऊन आला तरी थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय.

दुसरी गाठ मुलाच्या राहण्याची. मुलगा आईकडून आजीकडे, काटोलला गेला, किंवा बापाकडेच राहायला गेला. बाप पैसे बंद करतो, आई गप्प बसते आणि दोघांनाही वाटतं की जुना हुकूम आपोआप संपला. तो संपत नाही. परिस्थिती बदलली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम कमी-जास्त करून घ्यायची किंवा हुकूम रद्द करून घ्यायचा, आणि तसा नवा हुकूम होईपर्यंत जुनाच चालतो. ताब्याचा मुद्दा घटस्फोटाच्या हुकमात असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली बदल मागायचा. दोघांनी स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे कोर्टाचा हुकूम बदलला, असं होत नाही. (आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँपपेपर लागत नाही. उगाच पाचशे रुपये घालवू नका.)

मूल कुठे राहतं हे दाखवायला आधार पुरत नाही, त्यावर जुनाच पत्ता असतो. शाळेचं चालू वर्षाचं बोनाफाईड आणा, फीच्या पावत्या आणा. अर्ज मुलाच्या नावाने असेल तर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मुलाच्या वतीने अर्ज चालवणारं मोठं माणूस) म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघा. मूल आजीकडे आणि अ.पा.क. आई असेल, तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

दोघांनाही एक सांगते. पैसे येत नाहीत म्हणून मुलाची भेट अडवू नका, आणि भेट मिळत नाही म्हणून पैसे अडवू नका. कोर्ट या दोन गोष्टी वेगळ्या धरतं. एकीचा राग दुसरीवर काढला की नुकसान काढणाऱ्याचंच होतं.

रक्कम वाढवून मागताना मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून ते सक्तीचं आहे. नवऱ्याची पगारपावती कोणाकडेच नसते. बुटीबोरीतल्या कंपनीचं नाव आणि विभाग माहीत असला तरी पुरे, कागद मागवून घ्या असा अर्ज कोर्टाकडे करता येतो.

वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. आणि कोर्टात जाण्याआधी बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची असली की तुमची ती तारीख गेलीच.