नवा संगणक घेताय? विंडोज, मॅक की लिनक्स, हे ठरवण्याआधी

नमस्कार.

विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यापासून दुकानात रोज कुणीतरी विचारतं, "मशीन नवं घ्यायचंच आहे, तर या वेळी मॅक घेऊ का? का मुलगा म्हणतो तसं लिनक्स टाकून घेऊ?" काउंटरवर गर्दी असली की पाच मिनिटांत काहीतरी सांगून मोकळं व्हावं लागतं. पन्नास-साठ हजारांच्या खरेदीला पाच मिनिटं पुरत नाहीत. म्हणून हे पत्रक. घरी न्या, सावकाश वाचा.

आधी तारखांचं सांगतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्या दिवशी कुठलंही मशीन बंद पडलं नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. घरगुती वापरकर्त्याने नाव नोंदवलं तर त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठवी पिढी किंवा पुढची. पिढी ओळखायला प्रोसेसरच्या नावातले आकडे बघा: आय५-७२०० म्हणजे सातवी, आय५-८२५० म्हणजे आठवी, आय५-१०२१० म्हणजे दहावी. तुमचं मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल, तर बहुधा त्यावर विंडोज ११ चालेल आणि ते फुकट चढतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवा, रॅम ८ जीबी असेल तर १६ करा. असं मशीन अजून तीन-चार वर्षं आरामात काम देतं. अशा ग्राहकाला आम्ही नवं मशीन घ्यायला सांगत नाही.

नावावर जाऊ नका, वायरी बघा

सिस्टीम, म्हणजे विंडोज, मॅक की लिनक्स, बदलायची की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा संगणकाला काय काय जोडलेलं आहे त्यावर लागतो. प्रिंटर, डिजिटल सहीचं पेन ड्राइव्हसारखं टोकन, अंगठ्याचं यंत्र, बारकोड गन. यातल्या प्रत्येक वस्तूला संगणकाशी बोलायला ड्रायव्हर लागतो, म्हणजे एक दुभाषी. दुभाषी त्या सिस्टीमची भाषा जाणणारा नसेल तर वस्तू चांगली असूनही मुकी होते. म्हणून नवं मशीन बघायच्या आधी तुमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी वस्तू कोणती, ते आठवा. नवीन वस्तू बहुतेक कुठेही चालतात, अडवतात त्या जुन्याच.

हिशेबाचं ऑफिस असेल तर उत्तर जवळपास ठरलेलं आहे. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलेलं आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर ते आडमार्गाने चालवता येतं, क्लाउडवर ठेवून ब्राउझरमधूनही वापरता येतं, पण रोजच्या नोंदी करणाऱ्या माणसाला तो द्राविडी प्राणायाम का करायला लावायचा? त्यात डिजिटल सहीचं टोकन आलं. कंपनी किंवा एलएलपी असाल तर जीएसटीचं रिटर्न टोकनच्या सहीनेच जातं, प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर भागतं. टोकन लागत असेल, शासकीय निविदा भरत असाल, तर विंडोजवरच राहा. काही टोकनांचे ड्रायव्हर मॅक आणि लिनक्ससाठीही मिळतात, हे खरं आहे. पण २० तारखेच्या संध्याकाळी जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरताना टोकन ओळखलं गेलं नाही, तर ते शोधत बसायला तुमच्याकडे वेळ नसतो. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांचंही तेच. आधारच्या अंगठ्याच्या यंत्राला जी आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र आधारशी जोडणारा प्रोग्रॅम, लागते, ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी येते.

एक खबरदारी मात्र विंडोज घेणाऱ्यांनीही घ्यायची आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. २०२४ च्या मध्यापासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले. बॅटरी उत्तम, गरम होत नाहीत, वर विंडोज ११ लिहिलेलं. पण आतली चिप इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीची, एआरएम. नेहमीचे प्रोग्रॅम त्यावर बऱ्यापैकी चालतात. ड्रायव्हर मात्र त्या चिपसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो. तुमच्या दहा वर्षांच्या प्रिंटरचा किंवा टोकनचा तसा ड्रायव्हर नसेल, तर विंडोजवरून विंडोजवर जाऊनही अडकाल. इंटरनेटवर बघून मागवणार असाल तर प्रोसेसरचं नाव नक्की वाचा.

मराठी फाइल्स: इथे घाई करू नका

हा भाग जरा लांब आहे, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती.

काही वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या मालकांनी आमच्याकडून मॅक घेतला. पत्रिका, हँडबिल, दिवाळीचे छोटे अंक, सगळं त्यांच्याकडे व्हायचं. पडदा सुंदर, रंग अचूक, ते खूश, आम्हीही खूश. आठवड्याने परत आले ते हताश होऊन. सतरा-अठरा वर्षांच्या पत्रिका पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होत्या, आणि पेजमेकर नव्या मॅकवर चालत नाही. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल. 'चि. सौ. कां.' सुद्धा वाचता येईना. त्यांचा काही दोष नव्हता. विकताना आम्ही एकदाही विचारलं नाही, "जुन्या फाइल्स कशात आहेत?" जुनं मशीन सुदैवाने घरात होतं, म्हणून काम वाचलं.

असं का होतं? युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने आपापली सोय केली होती. फाइलमध्ये साठवलेलं अक्षर असायचं इंग्रजी, त्यावर मराठी मुखवटा चढवायचं काम फाँट करायचा. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचा सुरेख, प्रत्येकाची मांडणी वेगळी. तो फाँट नव्या मशीनवर नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा ०९१५, मग मशीन कोणतंही असो, फाँट कोणताही असो.

तुमच्या फाइल्स कोणत्या जातीच्या आहेत, हे घरबसल्या कळतं. जुन्या फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. मराठी वाचता आली तर ती युनिकोड आहे, कोणत्याही सिस्टीमवर निर्धास्त न्या. चिन्हांचा चिखल दिसला तर ती जुनी. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार ते मधूनमधून चुकवतात. 'ऱ्या' आणि 'र्या' यांची गल्लत तर हमखास. पाच-पन्नास पानं असतील तर बदलून वाचून घ्या. वीस वर्षांचं भांडार असेल तर तुम्ही विंडोजवरच राहावं हे आमचं स्पष्ट मत आहे, आणि नवं काम तेवढं आजपासून युनिकोडमध्ये सुरू करा.

टायपिंगचं विचाराल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळांची मांडणी येणाऱ्याला कुठेही अडचण नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींत ती मांडणी आधीपासून असते आणि एकसारखी असते. इंग्रजी 'के'च्या कळीवर क, 'डी'च्या कळीवर पाय मोडायची खूण. टंकलेखन संस्थेत टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेला असेल, तर नव्या सिस्टीमवर तशी सोय आहे का, हे आधी बघावं लागेल. पंचवीस वर्षांचा हात पुन्हा शिकवणं सोपं नसतं, आणि ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंना न विचारता सिस्टीम बदलू नये, असं आम्ही मालकांना आवर्जून सांगतो.

मॅक कुणी घ्यावा

व्हिडिओ एडिटिंग, फोटोग्राफी, संगीत, डिझाइनचं शिक्षण यांपैकी काही असेल, हातात आयफोन असेल आणि वर म्हटलेल्या वायरींपैकी एकही नसेल, तर बेलाशक घ्या. मात्र तीन गोष्टी ध्यानात असू द्या. २०२० च्या शेवटी ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली आणि हळूहळू इंटेलची मशीन बंद केली. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६ ही इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती. त्यामुळे जुना इंटेल मॅक कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. दुसरं, आता मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही. जी घ्यायची ती पहिल्याच दिवशी. तिसरं, "गरज पडली तर त्यावरच विंडोज टाकू" हा सल्ला इंटेलच्या काळातला आहे. आताच्या मॅकवर विंडोज वेगळ्या सॉफ्टवेअरच्या आत चालतं, आणि तेही एआरएमचंच, म्हणजे ड्रायव्हरचं तेच दुखणं परत.

घरातली विंडोजवर भरलेली बाहेरची हार्ड डिस्क मॅक वाचतो, पण बहुतेक वेळा तिच्यावर लिहू देत नाही. ती एक्सफॅटमध्ये नव्याने फॉरमॅट केली की दोन्हीकडे चालते. आधी आतलं सामान दुसरीकडे हलवून मगच.

लिनक्स: भिऊ नका, पण आधी चालवून बघा

लिनक्सचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं येतात. ते दिवस गेले. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार समोर ठेवला तर विंडोज वापरलेल्या माणसाला खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू सापडतो आणि तो कामाला लागतो. सिस्टीम मोफत, सोबत पत्रं आणि तक्ते करायचं लिबरऑफिस मोफत. उबंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार. उबंटू २४.०४ आणि मिंट २२ या दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट आहेत. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकवत आल्या आहेत.

आमच्या अनुभवात लिनक्स सगळ्यात जास्त मानवतो तो दोन टोकांच्या माणसांना. एक इंजिनिअरिंगची मुलं, आणि दुसरे निवृत्त गुरुजी, ज्यांना बातम्या, ईमेल, यूट्यूबवरचं कीर्तन आणि महिन्यातून एखादं पत्र एवढंच लागतं. अडचण मधल्यांना होते, ज्यांचं पोट फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा टॅलीवर आहे. ती सॉफ्टवेअर लिनक्ससाठी येत नाहीत.

आणि लिनक्सची एक फार चांगली सोय आहे: विकत घ्यायच्या, टाकायच्या आधी वापरून बघता येतं. आमच्याकडून मिंट भरलेला पेन ड्राइव्ह आठवडाभर घेऊन जा. आहे त्या मशीनला लावून त्यावरून सुरू करा. 'इन्स्टॉल' दाबलं नाही तर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर छापतोय का, ते बघा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्सचे ड्रायव्हर चांगले आहेत, पण तुमचाच प्रिंटर तुमच्याच घरी छापतो का, हे बघितल्याशिवाय हो म्हणू नका. पेन ड्राइव्हवरून मशीन थोडं हळू वाटेल, त्यावर वेगाचा अंदाज बांधू नका.

क्रोमबुकचं, म्हणजे गूगलच्या सिस्टीमवर चालणाऱ्या लॅपटॉपचं, थोडक्यात: मुलांचा ऑनलाइन अभ्यास आणि ब्राउझरपुरतं काम असेल तर ठीक. प्रत्येक मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख ठरलेली असते, ती बघूनच घ्या.

'डॉस लॅपटॉप' स्वस्त का असतो

तोच लॅपटॉप, तोच प्रोसेसर, आणि किंमत काही हजारांनी कमी. खाली बारीक अक्षरात फ्रीडॉस लिहिलेलं असतं, म्हणजे आत विंडोजचा परवाना नाही. लिनक्स टाकणार असाल तर हाच घ्या, न लागणाऱ्या परवान्याचे पैसे वाचतात. विंडोज लागणार असेल तर परवान्यासकटच घ्या, कारण तो नंतर वेगळा घ्यायला जास्त महाग पडतो. "विंडोज तुम्हीच टाकून द्या की" असं पुष्कळ जण म्हणतात. आम्ही क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याशिवायचं, विंडोज टाकून देत नाही. ते चालू करणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये काय दडलंय ते आम्हाला दिसत नाही, आणि त्याच मशीनवरून तुम्ही बँकेचं काम करणार असता. यामुळे काही ग्राहक दुसरीकडे गेले, त्याचं वाईट वाटतं, तरी यात बदल होणार नाही.

मशीन घेतल्यावरचा पहिला महिना

नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरीपासून ते चांगलंच आहे. पण मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघडलं तर मशीन ४८ आकडी चावी मागतं. ती त्या खात्यात साठवलेली असते. खातं कुणाच्या नावाने उघडलं, पासवर्ड काय, हे वहीत लिहून कपाटात ठेवा. पुतण्याने त्याच्या ईमेलवर मशीन सुरू करून दिलं आणि तो बाहेरगावी गेला, अशा अवस्थेत आमच्याकडे आलेली मशीन आहेत. त्यातला डेटा आम्हाला सोडवता येत नाही.

जुनं मशीन लगेच विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. नव्यावर एक पूर्ण महिना जाऊ द्या: एकदा पगारपत्रक निघू दे, एक रिटर्न भरून होऊ दे, एखादी तीन वर्षांपूर्वीची फाइल अचानक मागितली जाऊ दे. एक्सचेंजमध्ये जुनं द्यायचं असेल तरी आम्ही महिनाभर थांबतो, ठरलेली किंमत तीच राहते.

दुकानात येताना तीन वस्तू आणा. सहीचं टोकन असेल तर ते, प्रिंटरच्या मागच्या पट्टीचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि तुमची सगळ्यात जुनी मराठी फाइल पेन ड्राइव्हवर. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. जे मशीन घ्यायचा विचार आहे त्यावर ती फाइल तुमच्यासमोर उघडू, टोकन लावून बघू, आणि त्यानंतरच बिल करू.