कार्डाचे पेमेंट नाकारले गेल्यास काय करावे: गेम स्टोअरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ऑनलाइन स्टोअरवर गेम, गेमचा अतिरिक्त भाग किंवा वॉलेटमधील शिल्लक विकत घेताना ‘पेमेंट नाकारले गेले’ असा संदेश आला, की कार्ड आम्हीच नाकारले असा अनेक ग्राहकांचा समज होतो. वस्तुतः हा निर्णय बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेने घेतलेला असतो आणि त्याचे कारण आमच्यापर्यंत अगदी त्रोटक स्वरूपात पोहोचते. काही वेळा मात्र बँकेकडे विचारणा जाण्याआधीच आमची यंत्रणा किंवा आमचा पेमेंट गेटवे (कार्डाचा तपशील बँकांकडे पोहोचवणारी सेवा) व्यवहार थांबवतो. या दोन प्रकारांवरचे उपाय वेगवेगळे असल्यामुळे पुन्हा प्रयत्न करण्याआधी नकार कोठून आला हे शोधणे हिताचे ठरते.

त्यासाठी प्रथम बँकेच्या ॲपमध्ये किंवा संदेशांमध्ये त्या वेळच्या नाकारलेल्या व्यवहाराची काही नोंद दिसते का ते पाहावे. नोंद दिसत असेल, तर विचारणा बँकेपर्यंत पोहोचली होती आणि अडचण तिकडेच सोडवावी लागेल. सगळ्याच बँका नाकारलेले व्यवहार ॲपमध्ये दाखवत नाहीत; अशा वेळी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून व्यवहाराची वेळ आणि रक्कम सांगावी आणि अशी विचारणा आली होती का, एवढेच विचारावे. आली नव्हती असे स्पष्ट उत्तर मिळाले, तर बँकेशी वाद घालण्यात अर्थ नाही, आम्हाला कळवावे.

बँकेचे उत्तर कसे येते

आपण ‘खरेदी करा’ हे बटण दाबल्यावर कार्डाचा तपशील गेटवेमार्फत आमच्या बँकेकडे, तेथून व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे जातो आणि काही सेकंदांत होकार किंवा नकार परत येतो. या उत्तरासोबत एक दोन अंकी संकेत असतो. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली, १४ म्हणजे कार्ड क्रमांक चुकीचा, ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडलेली, ६५ म्हणजे ठरावीक काळातील व्यवहारांची संख्या जास्त झालेली, ५७ म्हणजे त्या कार्डाला अशा प्रकारच्या व्यवहाराची परवानगी नसलेली, तर ९१ म्हणजे बँकेची यंत्रणा त्या क्षणी उपलब्ध नसलेली. सर्वांत त्रासदायक संकेत ०५ हा आहे, कारण त्याचा अर्थ ‘व्यवहार मान्य करू नये’ एवढाच होतो आणि का मान्य करू नये हे बँक त्यातून सांगत नाही. अशा वेळी आम्हीही अंदाजापलीकडे काही सांगू शकत नाही. खरे कारण फक्त बँकेलाच ठाऊक असते.

हे संकेत आम्ही पडद्यावर दाखवत नाही, कारण चोरलेल्या कार्डाचा क्रमांक घेऊन बसलेल्या माणसाला ‘शिल्लक अपुरी आहे’ असे सांगणे म्हणजे बाकी तपशील बरोबर असल्याची खात्री त्याला करून देणे होय. आपल्या खात्याला जोडलेल्या ईमेलवरून ऑर्डर क्रमांकासह विचारणा केल्यास, आलेल्या नकाराचा सर्वसाधारण प्रकार आम्ही आपल्याला कळवतो.

कार्डाचा तपशील

कार्ड क्रमांकातील शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून ठरावीक पद्धतीने काढलेला पडताळणीचा अंक असतो. हान्स पीटर लुन यांनी १९५४ मध्ये ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तीच आजही वापरात आहे. क्रमांकातील कोणताही एक अंक चुकला तर या पद्धतीमुळे ती चूक लगेच उघडकीस येते आणि आमचे पान विचारणा पुढे पाठवतच नाही. म्हणून पानाने क्रमांक स्वीकारला आणि नंतर नकार आला, तर क्रमांक पुन्हा पुन्हा तपासत बसण्यापेक्षा मुदतीचा महिना आणि वर्ष, तसेच सुरक्षा कोड यांच्याकडे पाहावे, कारण त्यांना असा स्वतःचा पडताळा नसतो आणि ते बरोबर आहेत की नाहीत हे बँकच ठरवते. बहुतेक कार्डांवर हा कोड मागील बाजूस तीन अंकी असतो. अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डावर तो पुढील बाजूस चार अंकी असतो आणि त्या कार्डाचा क्रमांकही सोळाऐवजी पंधरा अंकांचा असतो.

मुदत संपल्यावर मिळालेल्या नव्या कार्डाचा क्रमांक पुष्कळदा जुनाच असतो. मात्र मुदत आणि कोड बदललेले असतात. आपल्या खात्यात जतन केलेले जुने कार्ड नव्यासारखेच दिसते आणि गफलत होते. अशा वेळी जुनी नोंद दुरुस्त करण्यापेक्षा ती काढून टाकून कार्ड नव्याने जोडणे अधिक खात्रीचे असते.

काही देशांतील बँका पत्त्यातील अंक आणि पिनकोडही जुळवून पाहतात. तेथे आपण सध्या राहता तो पत्ता उपयोगाचा नसून बँकेच्या स्टेटमेंटवर छापलेला पत्ता द्यावा लागतो.

कार्डावर घातलेल्या मर्यादा

दुकानात रोज व्यवस्थित चालणारे कार्ड आमच्या स्टोअरवर चालत नाही, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. दुकानातील यंत्रावर कार्ड टेकवून केलेला व्यवहार आणि क्रमांक टाकून केलेला ऑनलाइन व्यवहार यांना बँक वेगळे मानते, आणि पुष्कळ कार्डांवर ऑनलाइन वापर सुरुवातीला बंदच ठेवलेला असतो किंवा त्याची मर्यादा वेगळी असते. परदेशी व्यवहारांसाठी आणखी एक वेगळी परवानगी लागते. किंमत आपल्या चलनात दिसत असली, तरी विक्रेत्याची बँक दुसऱ्या देशात असेल तर आपली बँक तो व्यवहार परदेशी धरू शकते. म्हणून बँकेच्या ॲपमधील कार्डाच्या सेटिंगमध्ये ऑनलाइन वापर, परदेशी वापर आणि दैनिक मर्यादा या तिन्ही गोष्टी पाहाव्यात आणि मर्यादा वाढवल्यावर लगेच व्यवहार न करता काही मिनिटे थांबावे.

येथे एक बारकावा आहे आणि तो बँकेच्या कर्मचाऱ्यांच्याही कधी कधी लक्षात येत नाही. प्रत्येक विक्रेत्याला त्याच्या व्यवसायाच्या प्रकारानुसार चार अंकी संकेत दिलेला असतो. डिजिटल गेमच्या विक्रीसाठी ५८१६ हा, तर सट्टा व जुगारासाठी ७९९५ हा संकेत आहे. आपण किंवा आपल्या पालकांनी कार्डावर जुगाराच्या व्यवहारांना बंदी घातलेली असेल, तर आमची विक्री त्या वर्गात मोडत नाही. तरीही काही बँकांच्या नियंत्रणात, विशेषतः अल्पवयीन मुलांसाठी दिलेल्या कार्डांवर, मनोरंजनाचा सगळा गट एकाच बटणाने बंद केलेला असतो. ‘गेमच्या व्यवहारांना आमच्याकडे परवानगी नाही’ असे उत्तर मिळाल्यास ते यांपैकी कोणत्या संकेताबद्दल बोलत आहेत हे नम्रपणे विचारावे.

ओटीपी आणि पडताळणीचे पान

व्यवहाराच्या मध्यावर बँक ओटीपी मागते किंवा आपल्या ॲपमध्ये मंजुरीची सूचना पाठवते. हे पान बँकेचे असते, आमचे नव्हे, आणि ते उघडलेच नाही किंवा मध्येच बंद झाले तर व्यवहार अपूर्ण राहून नाकारला जातो. जाहिराती रोखणारे ब्राउझरचे विस्तार आणि बंद ठेवलेल्या पॉप-अप खिडक्या ही याची नेहमीची कारणे आहेत. ते तात्पुरते बंद करून किंवा दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न करावा. बँकेकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुना असेल, तर ओटीपी येण्याची वाट पाहण्यात काहीच हशील नाही. कन्सोलवर बँकेचे पान नीट उघडत नसल्यास, त्याच खात्यातून संगणकाच्या किंवा फोनच्या ब्राउझरवर खरेदी पूर्ण करावी. गेम नंतर कन्सोलवरील आपल्या संग्रहात दिसतो. पालकांचे कार्ड वापरत असाल, तर ओटीपी त्यांच्या फोनवर जाईल हे लक्षात घेऊन त्यांच्या उपस्थितीतच व्यवहार करावा.

आमच्याकडून येणारा नकार

डिजिटल गेम क्षणात हाती येतो, त्यासाठी घरपोच पाठवणीचा पत्ता लागत नाही आणि त्याची चावी, म्हणजे तो सुरू करण्यासाठी लागणारा संकेत, सहज पुढे विकता येते. म्हणूनच चोरलेली कार्डे चालू आहेत की नाहीत हे लहान खरेदी करून तपासणाऱ्यांना आमच्यासारखी स्टोअरे सोयीची वाटतात. असा व्यवहार उघडकीस आल्यावर कार्डाचा खरा मालक बँकेकडे दाद मागतो, रक्कम आमच्याकडून परत घेतली जाते, वर दंड बसतो आणि गेलेला गेम परत मिळत नाही. आमच्या आकाराच्या व्यवसायाला हे फार काळ परवडणारे नसल्यामुळे आमची तपासणी कडक आहे. त्यात प्रामाणिक ग्राहकही अधूनमधून अडकतात हे आम्ही जाणतो.

सर्वांत जास्त वेळा अडचण येते ती व्हीपीएनमुळे, म्हणजे इंटरनेटची जोडणी दुसऱ्याच ठिकाणाहून आल्यासारखी दाखवणाऱ्या सेवेमुळे. कार्ड क्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून ते कोणत्या बँकेने आणि कोणत्या देशात दिले आहे हे कळते. कार्ड एका देशातले, स्टोअरमधील खात्याचा देश दुसरा आणि इंटरनेटची जोडणी तिसऱ्याच देशातून आलेली, असे चित्र दिसले की यंत्रणा व्यवहार थांबवते. त्यामुळे खरेदीपुरते व्हीपीएन बंद करावे. दुसऱ्या देशात कायमचे राहायला गेला असाल, तर आधी खात्याचा देश बदलून घ्यावा आणि त्या देशात मिळालेले कार्ड वापरावे. दुसऱ्या देशातील कमी किमतीचा लाभ घेण्यासाठी देश बदलण्यास आमच्या अटींनुसार परवानगी नाही आणि त्यासाठी अडलेले व्यवहार आम्ही सोडवून देत नाही.

नुकत्याच उघडलेल्या खात्यातून पहिलीच खरेदी मोठ्या रकमेची असणे, अल्पावधीत एकामागून एक वेगवेगळी कार्डे वापरून पाहणे आणि त्याच कार्डावर सतत प्रयत्न करणे, या गोष्टीही संशय वाढवतात. यांतील शेवटची सवय फार अंगाशी येते. पहिला नकार साध्या कारणाने आलेला असला, तरी पाठोपाठच्या प्रयत्नांमुळे आमची आणि बँकेची अशा दोन्ही यंत्रणा सावध होतात आणि मूळ कारण दूर झाल्यावरही कार्ड काही काळ अडलेलेच राहते. त्यातच नाकारलेल्या कार्डावर वारंवार विचारणा करणाऱ्या विक्रेत्यांवर कार्ड जाळ्यांचेही निर्बंध असतात. दुसऱ्यांदा नकार आला की प्रयत्न थांबवावा, कारण शोधावे आणि किमान काही तास जाऊ द्यावेत. केवळ बँकेची यंत्रणा बंद असल्याची खात्री असेल, तर थोड्या वेळाने केलेला प्रयत्न बहुधा यशस्वी होतो.

रक्कम वजा झाल्यासारखी दिसत असल्यास

व्यवहार अयशस्वी होऊनही खात्यातील शिल्लक कमी दिसते, तेव्हा ग्राहक साहजिकच घाबरतात. बँकेने होकार देताना ती रक्कम आपल्या खात्यात राखून ठेवलेली असते; ती आमच्याकडे जमा झालेली नसते. त्यानंतर पुढील टप्प्यावर, उदाहरणार्थ आमच्या तपासणीत, व्यवहार रद्द झाला तर आम्ही ती रक्कम सोडण्याची सूचना पाठवतो, पण ती प्रत्यक्ष मोकळी होण्यास बँकेनुसार काही दिवस लागू शकतात. डेबिट कार्डावर तीन वेळा असे घडले तर तीनदा रक्कम राखली जाते आणि चौथ्या प्रयत्नात शिल्लक खरोखरच अपुरी पडते. ॲपमध्ये ‘प्रलंबित’ असे लिहिलेल्या नोंदीबाबत बँकेकडे तक्रार दाखल करण्याची घाई करू नये, कारण वादाची नोंद झाल्यावर तो मिटेपर्यंत आमच्याकडील खातेही खरेदीसाठी बंद ठेवावे लागते.

प्रीपेड, भेट आणि आभासी कार्डे

प्रीपेड किंवा भेट कार्डावर करासहित संपूर्ण किंमत भरेल एवढी रक्कम असावी लागते, कारण एका ऑर्डरची रक्कम दोन कार्डांत विभागता येत नाही. शिल्लक थोडी कमी असल्यास कार्डावर असेल तेवढी रक्कम स्टोअरच्या वॉलेटमध्ये भरून उरलेली दुसऱ्या मार्गाने भरावी. एकदाच वापरता येणारे आभासी कार्ड आगाऊ नोंदणीसाठी मुळीच वापरू नये. नोंदणी केलेल्या गेमची रक्कम तो प्रसिद्ध होताना घेतली जाते आणि तोपर्यंत त्या कार्डाचा क्रमांक रद्द झालेला असतो. सदस्यत्वाच्या नूतनीकरणालाही हेच लागू होते.

आम्हाला काय कळवावे

बँकेकडे विचारणा पोहोचलीच नसल्याचे निश्चित झाल्यावर किंवा बँकेने ‘आमच्याकडून अडथळा नाही’ असे सांगितल्यावर खात्यातील मदत विभागातून आम्हाला लिहावे. ऑर्डर क्रमांक, प्रयत्नाची अंदाजे वेळ, कार्डाचे शेवटचे चार अंक, वापरलेले उपकरण आणि पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र एवढी माहिती पुरेशी असते. छायाचित्रात कार्डाचा पूर्ण क्रमांक दिसत असल्यास तो झाकून पाठवावा. सुरक्षा कोड व्यवहारानंतर साठवून ठेवण्यास कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांनी विक्रेत्यांना मनाई केली आहे, त्यामुळे तो आमच्याकडे नसतो आणि आमचा कोणताही कर्मचारी तो किंवा ओटीपी कधीही मागत नाही. आमच्या नावाने कोणी फोनवर किंवा संदेशातून अशी मागणी केली, तर उत्तर न देता तो संदेश आमच्याकडे पाठवावा आणि तपशील आधीच दिला गेला असल्यास प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करून घ्यावे.