गरम पाण्यात डाइव्हला कुठे जायचं? आधी महिना सांगा, मग जागा सांगतो

ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे स्कूबाचा पहिल्या पायरीचा परवाना, हातात पडलं की दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, "आता पुढे कुठे जाऊ?" प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलंय. पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावहून गोव्यात येऊन आमच्याकडे डाइव्ह करणाऱ्या मंडळींसाठी हे आहे, म्हणजे ज्यांना सुट्टी मोजून-मापून मिळते, बरोबर घरचे असतात आणि घरच्यातले निम्मे पाण्यात उतरतच नाहीत.

"बेस्ट जागा कुठली" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. तुमची रजा कुठल्या महिन्यात आहे ते आधी सांगा, त्यावर अर्धी यादी आपोआप गळते.

कारण साधं आहे, पाऊस. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा मान्सून आपल्या किनाऱ्यावर आपटत असतो, तेव्हा गोवा, मालवण, नेत्राणी (मुर्डेश्वरसमोरचं बेट), लक्षद्वीप सगळं बंद. पण तोच वारा श्रीलंका ओलांडून पूर्वेला जाईपर्यंत पाऊस पाडून मोकळा झालेला असतो, म्हणून मे ते सप्टेंबर त्रिंकोमालीला समुद्र मस्त शांत असतो आणि पश्चिमेकडे हिक्कडुवाच्या बाजूला खवळलेला. नोव्हेंबरनंतर बरोबर उलटं. थायलंडचंही तसंच, पश्चिमेची सिमिलन बेटं साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात, त्या दिवसांत आखातातलं को ताओ चालू असतं. एवढं लक्षात ठेवलंत तरी जुलैमध्ये स्वस्त मिळालं म्हणून चुकीच्या बाजूचं तिकीट काढणार नाही. स्वस्त का मिळालं ते आता कळलं असेल.

आता आपलं गोवा, आणि इथे आम्ही धंद्याचं नुकसान करून खरं सांगतो. ग्रँड आयलंडला पाणी 26 ते 29 डिग्री, खोली फार नाही, सीझन ऑक्टोबरअखेर ते मे. पण व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यात किती लांबचं दिसतं ते, कधी दोन मीटर, कधी सहा-आठ. मांडवी आणि जुवारी गाळ घेऊन इथेच समुद्रात उतरतात, शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याजवळ खालचं थंड, खत भरलेलं पाणी वर येतं आणि त्यावर प्लँक्टन फोफावतं, म्हणून पाणी हिरवट. मासळी भरपूर असण्याचं कारणही तेच प्लँक्टन आहे, तेव्हा त्याला शिव्या घालून उपयोग नाही. इन्स्टाग्रामवर निळंशार पाणी दाखवून "गोवा स्कूबा" म्हणून विकतात ते फोटो बहुतेक दुसरीकडचे असतात, हे आम्हीच सांगतो म्हणजे बोटीवर चेहरे पडायला नकोत.

पण गोव्याला डाइव्हच नाही असंही नाही. सुझीज रेकवर, म्हणजे बुडालेल्या जहाजावर, हळू उतरा, पत्र्याच्या कडेखाली टॉर्च मारा, लायनफिश पंख पसरून तिथेच लटकलेला असतो, बाजूच्या भोकातून मोरे ईल तोंड उघडझाप करत बघतो (चावायला येत नाही, श्वास घेतोय तो), आणि मासळी बाजारात बर्फावर बघितलेला गोबरा इथे जिवंत, तुमच्याकडे संशयाने बघत उभा. कमी दिसणाऱ्या पाण्यात शिकलेला माणूस बडीला (जोडीदाराला) सोडत नाही, गेजकडे (टाकीत हवा किती ते दाखवतं) बघायची सवय लागते, तरंगण्यावर ताबा येतो. म्हणून कोर्स आणि पहिल्या काही डाइव्ह इथे करा, मोठा खर्च नंतर करा. मालवण-तारकर्लीचं बरंचसं असंच, किल्ल्याजवळ ट्राय डाइव्हची (कार्ड नसलेल्यांना चाखायला देतात ती) गर्दी खूप, पहिल्यांदा पाण्यात डोकं घालायला चांगलं, पण कार्ड असलेल्याने खास तेवढ्यासाठी रजा घालवू नये असं आमचं मत. मालवणी जेवणासाठी जाणार असाल तर वेगळी गोष्ट.

गोव्यात येऊन एक जास्तीचा दिवस हाताशी असेल तर आमचा कल नेत्राणीकडे. मडगावहून कोकण रेल्वेने मुर्डेश्वर, मग बोटीने साधारण 19 किलोमीटर आत. नदीच्या गाळापासून लांब असल्यामुळे पाणी एकदम साफ, चांगल्या दिवशी पंधरा-वीस मीटर दिसतं, डिसेंबर-जानेवारी सगळ्यात भारी. नेव्हीने नेमबाजीच्या सरावाला वापरलेलं बेट आहे, तळाशी लोखंडी गोळ्याबिळ्यासारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही, आठवण म्हणून घरी न्यायचा तर विचारही नको. बोट लागते ज्यांना, त्यांनी आदल्या रात्री हलकं जेवा.

अंदमानला आठवडा लागतो, कमी दिवस असतील तर जाऊ नका, अर्धा वेळ विमान आणि फेरीतच जातो. पोर्ट ब्लेअर, 2024 पासून नाव श्री विजयपुरम, तिथून फेरीने हॅवलॉक, जे 2018 पासून स्वराज द्वीप. बुकिंगच्या साइटवर दोन्ही नावं सापडतात, गोंधळू नका. जानेवारी ते एप्रिल पाणी शांत आणि निळं. नवख्यांना निमो रीफ, लाइटहाऊस चालतं, पण डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज खोल आहेत, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड पाहिजे, कारण ओपन वॉटरवर 18 मीटर आणि अ‍ॅडव्हान्स्डवर 30 अशी मर्यादा आहे. "माझ्या मित्राला नेलं होतं" हे आम्ही ऐकतो, पण जो शॉप कार्ड न बघता तिसावर नेतो तो बाकीचंही काय काय बघत नसेल याचा विचार करा.

लक्षद्वीप आपल्या देशातलं सगळ्यात स्वच्छ पाणी, वीस-तीस मीटर सहज. अडचण फक्त परमिटची, भारतीयांनाही लागतं, आणि आगत्तीची फ्लाइट किंवा कोचीहून जहाज, सीट कमी. चार महिने आधी हालचाल करायची तयारी असेल तरच. बंगाराम सोडलं तर दारू मिळत नाही, ग्रुपमध्ये आधीच सांगून ठेवा, तिथे गेल्यावर भांडणं नकोत.

मालदीवचं सगळ्यांना स्वप्न असतं आणि व्हिसाही पोचल्यावर मिळतो. रिसॉर्टपेक्षा लोकल बेटावरचं गेस्ट हाऊस घेतलं तर खर्च खूपच उतरतो, तिथेही दारू नाही. पण तिथलं डाइव्हिंग म्हणजे दोन बेटांमधल्या खिंडीतून पाणी जोरात वाहतं आणि तुम्ही त्याच्याबरोबर. पाणी गरम आहे म्हणून सोपं आहे असं अजिबात नाही. लाइव्हअबोर्ड, म्हणजे राहणं-खाणं बोटीवरच, अशा बोटींपैकी बऱ्याच अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड आणि पन्नासेक डाइव्ह भरलेलं लॉगबुक मागतात. किती खोल जायचं त्याची मर्यादा कायद्यानेच 30 मीटर. आणि मांटा रे (पंखांसारखा पसरट, मोठा मासा) बघायला हनिफारू बे विचारणारे खूप, तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल, सीझन साधारण जून ते नोव्हेंबर. ज्यांच्या घरचे डाइव्ह करत नाहीत त्यांना हे उलट सोयीचंच, सगळे एकत्र उतरू शकतात.

बाली आम्ही दुसऱ्या कारणासाठी सुचवतो. तुलांबेनला लिबर्टी नावाचं अमेरिकन जहाज आहे, 1942 मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, किनाऱ्यावर ओढून आणलं, आणि 1963 मध्ये अगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते परत पाण्यात घसरलं. बोटीची गरज नाही, गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत आत, पाच मीटरपासून तीसपर्यंत जहाज पसरलंय. नवख्याला आणि मुरलेल्याला एकाच डाइव्हमध्ये मजा येते अशा जागा कमी आहेत. पण त्याच बालीतलं नुसा पेनिडा, जुलै ते ऑक्टोबर मोला मोला (सनफिश) बघायला जातात ते, तिथे पाणी 20 च्याही खाली जातं आणि करंट वेडा. "ट्रॉपिकल" शब्दावर जाऊन पातळ सूट नेऊ नका.

तसं 28 डिग्रीतही थंडी वाजते, हे पहिल्या ट्रिपला कुणाला पटत नाही. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता खेचतं, दिवसाला तीन डाइव्ह केल्या की तिसरीला दात वाजतात. तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट घ्या, बारीक माणसाने वर हूड घ्या.

आणि पाणी फारच गरम झालं तर प्रवाळच पांढरं पडतं. 2010 मध्ये अंदमानला, 2016 मध्ये मालदीव-लक्षद्वीपला, 2024 मध्ये तर जगभर झालं. म्हणून शॉपकडून या सीझनचे फोटो मागा, दहा वर्षांपूर्वीचे वेबसाइटवर असतातच.

परतीचं एक, आणि हे कृपया नीट वाचा कारण गोव्यात येणारे नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हला किमान 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर 18, आम्ही सरळ 24 सांगतो. पण गाडीने जाणाऱ्यांना वाटतं आपल्याला हे लागू नाही. आंबोली साधारण 700 मीटर उंच, चोर्ला 800 च्या आसपास, आणि उंचीवर हवेचा दाब उतरतो म्हणून 600 च्या वर हाच नियम लागतो. सकाळी दोन डाइव्ह मारून दुपारी जेवून आंबोलीमार्गे कोल्हापूर, असं करायचं नाही. एक रात्र खाली काढा, नाहीतर डाइव्ह पहिल्या दिवशी ठेवा आणि देवळं-बाजार शेवटच्या दिवशी. कोकण रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांना हा त्रास नाही, ती सगळी खालूनच जाते.

गरोदर असाल तर डाइव्ह करायचीच नाही. दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन असेल तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरची चिठ्ठी घ्या, कारण परदेशात तब्येतीच्या फॉर्मवर "हो" लिहिलंत आणि चिठ्ठी नसली तर पैसे भरून बोटीवर बसून राहावं लागतं. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, गोळी घेऊन तर नाहीच. इन्शुरन्स काढताना त्यात डाइव्हिंग आणि चेंबरचा (डाइव्हनंतर त्रास झाला तर उपचार करतात त्या प्रेशर चेंबरचा) खर्च धरलाय का ते विचारा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक नसतो.

आमच्याशी बोलायला येताना लॉगबुक आणा, रजेच्या तारखा आणा, आणि बरोबर येणाऱ्यांपैकी कोण उतरणार नाही तेही ठरवून या. सकाळी येऊ नका, बोट बायण्याहून लवकर सुटते आणि दुकानात कोणी नसतं. चारनंतर या, तोपर्यंत टाक्या भरून झालेल्या असतात आणि चहाही तयार असतो.